काळ्या मातीवरची दगडी फरसबंदी: सोलापुरातील एका परसदाराचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या हद्दवाढ भागातील एका बैठ्या घराच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद असे परसदार आहे. घर एका शिक्षक दांपत्याचे आहे. उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळवता याव्यात, संध्याकाळी चार माणसांना खुर्च्या टाकून बसता यावे आणि घरातील आजींना काठी टेकत, न अडखळता तुळशीपर्यंत जाता यावे, एवढीच त्या जागेकडून त्यांची अपेक्षा होती. घर बांधले तेव्हा ठेकेदाराने तेथील जमीन वरवर सपाट करून चार इंच पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) टाकली आणि तिच्यावर सिमेंटच्या मालात शहाबादी फरशी बसवून दिली. तीन पावसाळ्यांच्या आत ही फरशी मधोमध उचलली गेली, भिंतीपासून सुमारे तीन फुटांवर घराला समांतर अशी लांब भेग पडली आणि पावसाचे पाणी बाहेर वाहून जाण्याऐवजी जोत्याकडे येऊन साचू लागले. पुढे स्वयंपाकघराच्या भिंतीला आतून ओल चढली, तेव्हा काहीतरी करणे भाग पडले.

पाहणीला आलेल्या गवंड्यांनी जुन्या फरशीवरच नवा थर चढवावा, असे सुचवले. त्यात मोडतोड नव्हती आणि काम दोन दिवसांत उरकणार होते. दांपत्याने मात्र जुने सगळे काढून, खालच्या मातीपासून नवे काम करण्याचा आणि ते शक्यतो स्वतःच्या हातांनी करण्याचा निर्णय घेतला. मी स्थापत्य अभियंता या नात्याने माती, पातळ्या आणि निचरा यांपुरता सल्ला दिला. खोदाई, भराव, दगड निवडणे आणि बसवणे ही कामे घरच्यांनीच केली. हे प्रकरण सविस्तर नोंदवण्याचे कारण असे की, घरच्या घरी दगडी अंगण करणारी बहुतेक मंडळी दगडाचा रंग आणि आकार ठरवण्यात आपली सारी शक्ती खर्च करतात, आणि काळ्या मातीच्या मुलखात अंगणाचे भवितव्य दगडाच्या खाली एक-सव्वा फुटात ठरते.

जुनी फरशी का बिघडली

फरशी उखडण्यापूर्वी तिचे नीट निरीक्षण करून घेतले, कारण एकदा मोडतोड सुरू झाली की पुरावा नाहीसा होतो. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळ्या घेतल्या तेव्हा अंगणाचा मध्य बाहेरच्या कडेपेक्षा जवळजवळ दोन इंच वर आलेला आढळला. भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा उलट घराकडे कललेला होता. नैऋत्येचा कोपरा, ज्याच्यापासून दहाएक फुटांवर मोठा कडुनिंब आहे, तो खचलेला होता, आणि पूर्वेकडे भांडी घासण्याच्या मोरीजवळच्या फरश्या उचललेल्या होत्या. एकाच अंगणात काही भाग वर, काही खाली, हे पाहून घरच्यांना कामच बेपर्वाईने झाले असे वाटत होते. प्रत्यक्षात या प्रत्येक हालचालीचे कारण वेगळे होते.

मध्यभाग उचलला जाण्याचे कारण झाकलेल्या जमिनीत असते. उघडी जमीन पावसात भिजते आणि उन्हात वाळते; काँक्रीटने झाकलेल्या जमिनीतील ओलावा मात्र वर उडून जाऊ शकत नाही. बाजूंनी आणि खालून ओढला गेलेला ओलावा झाकलेल्या भागाच्या मध्याशी साठत राहतो, तेथील काळी माती फुगते आणि फुगलेलीच राहते. कडांची माती ऋतूप्रमाणे फुगत आणि आकसत राहते. काही वर्षांत अंगणाला घुमटासारखा फुगवटा येतो तो असा.

भिंतीला समांतर असलेल्या भेगेचे कारण घराच्या पायात होते. पाया खणताना चर भिंतीपेक्षा रुंद घ्यावा लागतो आणि बांधकाम झाल्यावर उरलेली जागा माती लोटून भरली जाते. ही भरलेली माती कोणी थरांनी ठोकत नाही. ती पावसागणिक बसत जाते, आणि तिच्यावरची पीसीसी चराच्या कडेवर, म्हणजे न खणलेल्या घट्ट जमिनीच्या सीमेवर, मोडते. येथे भेग नेमकी त्याच रेषेत होती, हे खोदल्यावर दिसले. गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाईप याच पट्ट्यात मोकळा सोडलेला असल्याने गच्चीचे सगळे पाणी त्या भुसभुशीत भरावात जिरत होते. घराच्या भिंतीला आलेली ओल त्या पाण्याची होती.

मोरीजवळ सांडपाण्याच्या पाईपचा जोड गळत होता, त्यामुळे तेथील माती बारमाही ओली आणि फुगलेली राहिली. कडुनिंबाकडचा कोपरा खचला तो झाडाच्या मुळांनी उन्हाळ्यात मातीतील ओलावा शोषून घेतल्यामुळे, कारण काळी माती वाळली की आकसते आणि वरच्या बांधकामाचा आधार काढून घेते.

माती ओळखणे

सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड, अहिल्यानगर या पट्ट्यातील काळी कापसाची जमीन बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाईट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. या खनिजाच्या पातळ पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. पाणी निघून गेले की पुन्हा जवळ येतात. शेतकऱ्याला हीच माती हवी असते, कारण ती पाणी धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. बांधकामाला मात्र तिचा हाच गुण जड जातो. मे महिन्यात तिला पडणाऱ्या भेगांत माणसाचा हात मनगटापर्यंत सहज जातो.

माती किती फुगते हे समजण्यासाठी भारतीय मानक संस्थेने सांगितलेली मुक्त फुगवट्याची चाचणी अतिशय सोपी आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलीटरच्या दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतायचे, ढवळून हवा काढून टाकायची आणि किमान २४ तास स्थिर ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हीतील आकारमानाचा फरक रॉकेलमधील आकारमानाच्या किती टक्के आहे, तो फुगवट्याचा निर्देशांक. तो ५० च्या वर गेला की माती त्रासदायक समजावी. घरातील बाई विज्ञान शिकवतात, त्यांनी ही चाचणी स्वतः केली आणि या परसदारातील मातीचा निर्देशांक सत्तरच्या घरात आला. मला ही चाचणी फार महत्त्वाची वाटते. सल्लागार सांगतो म्हणून खोल खणणे वेगळे आणि आपल्या अंगणातील माती पात्रात चढताना डोळ्यांनी पाहून खणणे वेगळे. असे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा हात कामात आखडत नाही.

जाड काँक्रीट की हलू शकणारा थर

पहिला पर्याय सहा इंच जाडीच्या सळईच्या काँक्रीटचा होता. तो मी नाकारला. ओली होऊन फुगणाऱ्या काळ्या मातीचा वरच्या दिशेचा दाब अंगणातील काँक्रीटच्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक असतो. तीन मजली इमारत तो दाब आपल्या भाराने दाबून धरू शकते, सहा इंच काँक्रीट धरू शकत नाही. सळई असल्यामुळे ते मोडणार नाही कदाचित, पण एका बाजूने अखंड उचलले जाईल, उतार पुन्हा घराकडे होईल आणि मग ते फोडायला ब्रेकर आणावा लागेल.

दुसरा पर्याय सगळी काळी माती काढून टाकण्याचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर घालून फुगवटा रोखण्याची पद्धत विकसित केली आणि कालव्यांच्या कामांत ती वापरली गेली. त्या पद्धतीत थराची जाडी साधारण मीटरभर लागते. घरच्या घरी, कुदळ-फावड्याने, जोत्याला लागून एवढी खोदाई करणे शहाणपणाचे नव्हते. मात्र त्या पद्धतीतील एक गोष्ट येथे उचलली: भरावाचा मुरूम निव्वळ वाळूसारखा मोकळा नको, त्याला थोडी पकड हवी.

हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण खोल खणून, चांगला माल भरूनही अनेक अंगणे याच ठिकाणी बिघडतात. काळ्या मातीत खड्डा करून त्यात खडी-वाळू भरली की तो खड्डा जमिनीतला हौद होतो. सांध्यांतून झिरपलेले पाणी खाली जाते, काळी माती त्याला पुढे वाट देत नाही, आणि ते तेथेच मुरत बसून तळाची माती फुगवते. म्हणजे ज्या भरावाने बचाव व्हायचा तोच पाणी साठवायला कारण ठरतो. म्हणून येथे तळाला घट्ट बसणारा, पाणी सहज आत न घेणारा मुरूम, त्याचा वरचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला उतरता, त्यावर पाणी वाहून नेणारी स्वच्छ खडी आणि खडीच्या शेवटी पाणी पकडून रस्त्याच्या गटारीपर्यंत नेणारा चर, अशी रचना ठरवली. त्यावर कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, आणि कचेवर सुटी फरशी, सिमेंट कोठेही नाही. जमीन थोडीफार हलणारच. तेव्हा फरशी तिच्याबरोबर हलावी आणि गरज पडेल तेव्हा उचलून पुन्हा बसवता यावी, हे तत्त्व त्यामागे होते.

खोदाई आणि भराव

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा निवडला. सोलापुरात वर्षातला सर्वाधिक पाऊस साधारणपणे सप्टेंबरमध्ये पडतो. त्यानंतर महिना-दीड महिन्याने माती ओलसर असते, पण पायाला चिकटत नाही. अनेक लोक सुटीची सोय पाहून हे काम मे महिन्यात काढतात. त्या वेळी माती पूर्ण आकसलेली आणि भेगाळलेली असते. तिच्यावर भराव करून फरशी बसवली की पहिल्याच पावसाळ्यात ती आपला सगळा फुगवटा एकदम दाखवते. मध्यम ओलाव्याच्या मातीवर काम केले तर पुढची हालचाल दोन्ही दिशांना थोडी-थोडी होते. दोघांनाही शाळेची दिवाळीची सुटी मिळत असल्याने हंगाम आपोआप जुळला.

खोदण्याआधी घराच्या अर्थिंगचा खड्डा, पाण्याचा आणि सांडपाण्याचा पाईप यांच्या जागा चुन्याने आखून घेतल्या. मोरीचा गळका जोड बदलला. गच्चीचा पाईप कोपराजोड लावून अंगणाच्या बाहेर नेला आणि गटारीला जोडला. माझ्या मते ही दोन कामे केली नसती तर बाकी सारे व्यर्थ गेले असते, आणि या दोन्हींचा खर्च संपूर्ण कामात सर्वांत कमी होता.

काटकोन तीन-चार-पाचच्या मापाने, म्हणजे तीन, चार आणि पाच फुटांच्या बाजूंचा त्रिकोण दोरीने आखून, धरला. उघड्या तिन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त घेऊन १९ फूट बाय साडेबारा फूट खड्डा खणला, खोली सरासरी १३ इंच. तयार अंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर राहावे असे ठरवले होते, म्हणजे एकूण १५ इंचांचे थर: मुरूम ८ इंच, खडी ४ इंच, कच दीड इंच, फरशी दीड इंच. निघालेली माती जागेवर अडीच ब्रासांच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी वर होती, पण खणल्यावर ती फुलून सव्वातीन ब्रासांच्या आसपास झाली; ट्रॅक्टर ठरवताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. तिचा वरचा थर एका शेजाऱ्यांनी बागेसाठी नेला. जोत्यालगतच्या पट्ट्यात मात्र ठरलेल्या खोलीवर थांबून चालले नाही. तेथील भुसभुशीत भराव आणखी फूटभर काढून मुरमाने थराथराने ठोकून भरला, कारण जुन्या भेगेचे मूळ तेथेच होते.

मुरूम दोन ब्रासांहून बराच अधिक लागला. तो चार-चार इंचांच्या सैल थरांनी पसरला. ठोकल्यावर असा थर सुमारे तीन इंचांचा होतो. ओलाव्याची परीक्षा मुठीने केली: मुरूम मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, तळहाताला पाणी सुटू नये आणि गोळा कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर त्याचे चार-पाच तुकडे व्हावेत. पीठ होऊन विखुरला तर पाणी कमी, चपटा बसला तर जास्त. मोकळ्या जागेत भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर आणि कोपऱ्यांत, जोत्यालगत हाताची धुमस वापरली. प्रत्येक थर असा बसला पाहिजे की बुटाच्या टाचेने जोर देऊनही खूण उमटू नये. मुरमाच्या शेवटच्या थराला घरापासून बाहेर १२ फुटांत अडीच इंच असा उतार दिला. वर फरशीलाही हाच उतार द्यायचा होता. पण पाण्याची खरी वाट खडीच्या तळाशी असल्याने तो खालीच बिनचूक असणे आवश्यक होते.

बाहेरच्या लांब कडेला एक फूट रुंद चर खणून त्यात तळाशी छिद्रे पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप, छिद्रे खाली करून, जिओटेक्स्टाईल कापडात (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) गुंडाळून टाकला आणि वर खडी भरली. मुख्य खडी २० आणि १२ मिलिमीटरची मिसळून, एक ब्रास, डस्टविरहित घेतली. तिच्यावर पुन्हा जिओटेक्स्टाईल अंथरले, नाहीतर पहिल्याच वर्षी वरची कच पावसाबरोबर खडीच्या फटींत उतरली असती आणि फरश्या पोकळ झाल्या असत्या.

कडेच्या दगडांबाबत घरच्यांचा आणि माझा थोडा मतभेद झाला. सरांना काँक्रीटचा सलग कठडा हवा होता. सुट्या फरशीला कडेचा आधार लागतोच, अन्यथा कच बाहेर सरकते आणि कडेची ओळ कलंडते. पण सलग काँक्रीट काळ्या मातीवर ठिकठिकाणी तडकते. शेवटी नऊ इंच खोलीच्या काळ्या दगडाच्या खांडक्या मुरमात रोवून, बाहेरून मुरमाचीच ठोकलेली बगल देऊन बसवल्या. प्रत्येक खांडकी सुटी असल्याने ती हलली तरी शेजारचीला ओढत नाही, आणि तिच्यामागून पाणी चरात उतरते.

दगड

शहाबादी दगड हा चुनखडक आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कलबुर्गीच्या थोडे पुढे शहाबाद लागते, त्या भागातल्या खाणींचा हा दगड थरांवर नैसर्गिकपणे फाटतो, म्हणून तो या मुलखात घराघरांत पोहोचला. जुन्या अंगणातल्या फरश्या छिन्नीने सोडवताना निम्म्याहून अधिक शाबूत निघाल्या. त्यांच्या पाठीला चिकटलेला सिमेंटचा थर जेथे सुटला नाही त्या फरश्या तुळशीकडच्या पायवाटेला वापरल्या, उरलेल्या नव्या फरश्यांबरोबर मिसळल्या. पॉलिश केलेली फरशी आजींच्या चालण्याचा विचार करून टाळली. ओल्या पॉलिशवर आणि पावसाळ्यातल्या शेवाळावर घसरण्याचा धोका खरा असतो.

दुकानात दोन बाय दोन म्हणून मिळणारी फरशी प्रत्यक्षात अनेकदा २२ ते २३ इंचांची भरते. म्हणून कडेच्या खांडक्या पक्क्या करण्यापूर्वी एक ओळ जमिनीवर सुटी मांडून, सांध्यांसह माप घेतले आणि त्या मापाने कड ठरवली. यामुळे एका बाजूला चार इंचांच्या चिपा लावण्याची वेळ आली नाही. फरशी निवडताना कडेवर पापुद्रे सुटलेले आहेत का आणि पांढऱ्या शिरा आरपार गेल्या आहेत का हे पाहिले. अशा शिरेवर दगड पुढे मोडतो. हातोड्याच्या दांड्याने ठोकल्यावर खणखणीत न वाजणारी फरशी परत केली.

दीड इंच जाडीची दोन फुटांची फरशी ३७-३८ किलो भरते. ती एकट्याने कमरेतून वाकून उचलू नये. येथे दोघांनी पट्ट्याच्या दोराने उचलली. सगळ्या फरश्या आधी जाडीप्रमाणे तीन ढिगांत लावून घेतल्या, कारण खाणीतून फाटून आलेल्या दगडाची पाठ सारखी नसते आणि जाडीत पाव ते अर्धा इंच फरक सहज असतो. जाड फरश्या एका ओळीत, पातळ दुसऱ्या ओळीत घेतल्या की कच कमी-जास्त करण्याचे श्रम निम्मे होतात.

कच पसरण्यासाठी दीड इंची दोन लोखंडी पाईप उतारात समांतर ठेवून त्यांवरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढली आणि पाईप काढून त्यांचे चर भरले. या कचेवर पाय द्यायचा नाही. आधी बसवलेल्या फरशीवर फळी टाकून पुढे सरकायचे. फरशी एका कडेवर टेकवून अलगद खाली सोडायची, दोरीशी जुळवायची आणि रबरी हातोड्याने मध्यापासून कोपऱ्यांकडे ठोकत जायचे. पहिल्या ओळीच्या वेळी शेजारच्या बांधकामावरचे एक वयस्क गवंडी पाहायला आले. लेव्हल बाटली ठेवून समाधानाने उभ्या राहिलेल्या बाईंना ते म्हणाले, "बाई, नुसतं डोळ्यानं बघू नका, वाजवून बघा. खण्ण वाजली तर बसली. बद्द वाजली तर उचला, खाली पोकळ हाय." त्यांनी बोटाच्या पेराने एकेक कोपरा वाजवून दाखवला, पहिल्या ओळीतील दोन फरश्यांचे कोपरे बद्द वाजले आणि दोन्ही उचलाव्या लागल्या. लेव्हल त्या दोन्हींची बरोबर होती. पोकळ कोपऱ्यावर खुर्चीचा पाय पडला की दीड इंचाचा दगडही मोडतो, हे लेव्हल बाटली सांगू शकत नाही. पुढच्या सगळ्या फरश्या याच पद्धतीने तपासल्या गेल्या. अशा सुट्या नैसर्गिक फरशीवर प्लेट कॉम्पॅक्टर चालवू नये. तो सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकसाठी ठीक, पातळ दगड त्याने तडकतात.

सांधे अर्ध्या इंचाच्या आत ठेवले, ओळी अर्ध्या फरशीने सरकवून मांडल्या, त्यामुळे चार कोपरे एका ठिकाणी येत नाहीत. कापायच्या फरश्या पाणी सोडत ग्राइंडरने कापल्या. कोरड्या कापणीची धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून पाण्याबरोबर मास्कही वापरला. सांध्यांत कोरडी बारीक क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) कुंच्याने भरली आणि पहिल्या काही आठवड्यांत बसेल तशी पुन्हा भरली. जोते आणि फरशी यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट सोडून तीत डांबरी बोर्ड बसवला आणि वरून लवचीक सीलंट भरले, जेणेकरून अंगण जोत्याला ढकलणार नाही आणि तेथून पाणीही उतरणार नाही.

फरशी धुण्यासाठी ॲसिड वापरू दिले नाही. चुनखडकावर ॲसिड पडले की तो फसफसतो आणि पृष्ठभाग खरवडला जातो. लिंबू, चिंच यांचेही डाग म्हणूनच उमटतात. जुन्या फरशीवरचे फिकट चट्टे सिमेंट धुण्याच्या ॲसिडचे होते.

तुळस, सडा आणि कडुनिंब

आपल्याकडच्या अंगणात पाणी रोज आणि श्रद्धेने ओतले जाते, आणि मला याचा विचार सोडून आराखडा करणे चुकीचे वाटते. आजी सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालतात आणि दारात सडा टाकून रांगोळी काढतात. सड्याचे पाणी फरशीवरून उताराने निघून जाते, त्याची काळजी नव्हती. तुळशी वृंदावनाची गोष्ट वेगळी. जुने वृंदावन तळ मोकळा ठेवून थेट जमिनीवर बांधले होते. वर्षानुवर्षे एकाच जागी मुरणाऱ्या पाण्याने त्याभोवतीची जमीन फुगून ते एका अंगाला कलले होते. ते हलवू नये ही आजींची इच्छा होती आणि ती रास्त होती. म्हणून वृंदावन जागेवरच ठेवले, त्याच्या आतली माती काढून तळाला छोटी काँक्रीटची थाळी केली आणि तिच्यातून अर्धा इंची नळी खडीतल्या चरापर्यंत काढली. आता जास्तीचे पाणी पाईपने निघून जाते. वृंदावनाभोवती फरशी अर्धा इंच सोडून लावली, कारण वृंदावनाचा भार आणि अंगणाचा भार वेगवेगळ्या गतीने बसणार.

फुलांचे वाफे आधी अंगणाला चिकटून होते. ते चार फूट दूर नेले. रोज पाणी मिळणारा वाफा आणि कोरडी फरशी यांच्या सीमेवर काळी माती हमखास असमान हलते.

कडुनिंब काढण्याचा प्रश्न निघाला होता. काळ्या जमिनीत मोठे झाड त्याच्या उंचीइतके तरी बांधकामापासून दूर असावे असा संकेत आहे, आणि हे झाड त्याहून बरेच जवळ आहे. तरीही मी ते ठेवण्याच्या बाजूने होतो. बेचाळीस अंशांच्या उन्हात गडद शहाबादी फरशी अनवाणी पायाला सहन होत नाही; दुपारनंतर त्या अंगणावर सावली येते ती याच झाडाची. शिवाय पूर्ण वाढलेले झाड तोडले की त्याने आजवर ओढून घेतलेला ओलावा मातीत राहतो आणि पुढची काही वर्षे ती माती फुगत राहते, म्हणजे खचणाऱ्या कोपऱ्याच्या जागी उचलणारा कोपरा मिळतो. झाड राहिले, आणि त्या कोपऱ्यातील फरश्या पुढेमागे उचलाव्या लागतील हे आधीच गृहीत धरले.

पहिल्या पावसाळ्यानंतर

काम पूर्ण झाल्यावर जोत्यावर एक पक्की खूण करून तिच्या आधारे अंगणाच्या ठरावीक ठिकाणांच्या पातळ्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणी नळी लावून पुन्हा मोजल्या. घरालगतचा पट्टा आणि मध्यभाग यांत नजरेला जाणवेल असा फरक पडला नव्हता, उतार बाहेरच्याच दिशेला होता, आणि सप्टेंबरच्या जोरदार सरींत चराचा पाईप गटारीत चांगल्या धारेने वाहत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीची ओल वाळायला मात्र एक पूर्ण उन्हाळा लागला. त्याआधी तिच्यावर पुट्टी करून रंग देण्याची घाई केली नाही हे बरे झाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कडुनिंबाकडचा कोपरा अपेक्षेप्रमाणे खाली गेला, सुमारे अर्धा इंच. घरच्यांनी त्या भागातील सहा फरश्या पहारीने उचलल्या, खालच्या कापडावर कच वाढवून पट्टीने ओढली आणि फरश्या पुन्हा बसवून वाजवून घेतल्या. यासाठी बाहेरचा माणूस बोलवावा लागला नाही आणि एकही फरशी मोडली नाही. सिमेंटमध्ये बसवलेल्या अंगणात याच अर्ध्या इंचासाठी छिन्नी-हातोड्याने दोन-तीन ओळी फोडाव्या लागल्या असत्या.

एक तक्रार शिल्लक आहे. मुंग्या सांध्यांतली वाळू वर काढतात आणि पावसाळ्यात सांध्यांत गवत उगवते. सांध्यांत सिमेंट भरण्याचा सल्ला शेजारीपाजारी देतात. तो मानल्यास सुटी फरशी पुन्हा एकसंध कडक पाटी होईल आणि केलेल्या कामाचा गाभाच जाईल, म्हणून तसे करू नये असे मी लेखी कळवले आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, गवत हाताने उपटून सांध्यांत नवी क्रश सँड भरायची आणि चराच्या तोंडाशी साचलेला गाळ काढायचा, एवढी देखभाल ठरली आहे. स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात उतरण्यासाठी आजींना पायरी हवी आहे. जोते उंच असल्याने दोन पायऱ्या लागतील. त्या जोत्याला न जोडता, खालच्या मुरमावर सुट्या घडीव दगडांच्या करायच्या आहेत, आणि त्यासाठीचे दगड आणून परसदारी ठेवले आहेत.